खिडकी उघडते, फाइल उघडत नाही: टीके आणि नेटवर्कवरच्या पाथचा वारंवार येणारा बिघाड

"दादा, काल संध्याकाळपर्यंत चालत होतं. आज फाइल सापडत नाही म्हणतंय."

अडत दुकानातल्या दिवाणजींचा हा फोन मला इतक्या वेळा आलाय, की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला आहे: "दिवाणजी, संदेशात पाथ काय दिसतोय? रेघांसकट, जसाच्या तसा वाचा." निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

त्यांच्या गाळ्यावरच्या संगणकावर टीकेत, म्हणजे खिडक्या-बटणं बनवणाऱ्या साधनात, लिहिलेला एक छोटा फॉर्म आहे. वजन, भाव, हमाली, तोलाई भरली की हिशेबपट्टी तयार होते आणि माडीवरच्या ऑफिसातल्या शेअर्ड फोल्डरमध्ये जाऊन बसते. असेच फॉर्म मी एका छापखान्यात आणि एका शाळेच्या ऑफिसातही लावून दिलेत. काही टीसीएल या भाषेत आहेत, काही टीकिंटरमध्ये, म्हणजे टीकेच्या पायथनमधल्या जोडीत. टीकिंटरच्या पोटात टीसीएलच चालतं, त्यामुळे दुखणी बरीचशी सारखी. कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची.

एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. टीसीएल १९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांनी सुरू केलं, युनिक्सच्या घरात. तिथे सगळ्या फाइल एकाच झाडावर, आणि फांद्यांच्या मध्ये साधा स्लॅश. बॅकस्लॅशला तिथे वेगळं काम: पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणं. विंडोजचा नेटवर्क पाथ, म्हणजे दुसऱ्या संगणकावरच्या फाइलचा पत्ता, मात्र दोन बॅकस्लॅशने सुरू होतो. म्हणजे एका घरात जो चिमटा आहे, तो दुसऱ्या घरात दाराची कडी आहे. कोडमधले बहुतेक बिघाड या एका गोष्टीतून निघतात. कोडबाहेरचे निघतात दुसऱ्या एका प्रश्नातून: पाथ बरोबर आहे, पण तो मागतंय कोण?

लक्षणं

आपलं दुखणं यातलं कोणतं, ते आधी ओळखा. कारणं वेगवेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

– आयकॉनवर डबल-क्लिक केलं की स्क्रिप्ट चालते; टास्क शेड्युलरमधून किंवा "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" केलं की झेड ड्राइव्हच नाही म्हणते.
– त्रुटीच्या संदेशात पाथमधल्या रेघा गायब, दोन नावं एकमेकांना चिकटलेली, किंवा पाथ मध्येच तुटून खालच्या ओळीवर गेलेला.
– डायलॉगमधून निवडलेलीच फाइल उघडत नाही, आणि संदेशात पाथच्या दोन्ही टोकांना महिरपी कंस.
– फोल्डरमध्ये शंभर फाइल आहेत, फॉर्मवरची यादी रिकामी.
– "फोल्डर उघडा" बटण दाबलं की भलतंच डॉक्युमेंट्स फोल्डर उघडतं.
– खिडकी पांढरी पडते, वर "नॉट रिस्पॉन्डिंग" येतं, वीसेक सेकंदांनी जिवंत होते.
– फाइल समोर दिसतेय, नाव अक्षर न् अक्षर तेच, तरी स्क्रिप्ट म्हणते अशी फाइल नाही.

पहिली तपासणी: पाथ डोळ्यांनी बघा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. फाइल उघडण्याच्या ओळीच्या अगदी आधी एक संदेश-खिडकी टाका आणि पाथ तिच्यात दाखवा, दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या लावून. दांड्या अशासाठी की शेवटी चिकटलेली मोकळी जागा एरवी दिसतच नाही. पायथनमध्ये असाल तर "रेप्र" वापरून दाखवा, म्हणजे लपलेली नवी ओळ किंवा टॅबही उघड्यावर येते.

आपण कोडमध्ये काय लिहिलंय ते वाचत बसतो आणि स्क्रिप्टच्या हातात प्रत्यक्षात काय पोचलंय ते बघत नाही. मी स्वतः एकदा संपूर्ण दुपार माडीवरच्या संगणकाच्या परवानग्या उलटसुलट करण्यात घालवली होती. पाथमधली एक रेघ आधीच गळून गेलेली होती. तेव्हापासून ही पायरी मी कधीच गाळत नाही.

नोंदी लिहायच्या असतील तर त्या त्याच संगणकावरच्या फाइलीत लिहा. शेअर्ड फोल्डरमध्ये लिहिल्या, तर नेटवर्क जाईल त्याच क्षणाची नोंद तुम्हाला मिळणार नाही.

दुसरी: तोच पाथ एक्स्प्लोररमध्ये चिकटवा

त्याच संगणकावर, त्याच लॉगिनमध्ये. स्वतःच्या लॅपटॉपवरून तपासलं तर त्याला काही अर्थ नाही.

एक्स्प्लोररलाही फोल्डर उघडता येत नसेल तर स्क्रिप्ट निर्दोष आहे, तिला हात लावू नका. मग सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी, म्हणजे आकडी पत्ता, टाकून बघा. आयपीने उघडलं आणि नावाने नाही, तर नाव शोधण्याची यंत्रणा अडली आहे. पण म्हणून कोडमध्ये आयपी ठोकून टाकू नका. राउटर बंद-चालू झाला की तो आकडा बदलू शकतो, आणि मग आठवड्याने पुन्हा तोच फोन.

नुसतं पिंग करूनही निकाल लावू नका. विंडोजची फायरवॉल पिंग अडवते आणि फाइली मात्र सोडते, असं सर्रास असतं. फाइल शेअरिंग ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं. पॉवरशेलमध्ये "टेस्ट-नेटकनेक्शन" या कमांडला तो पोर्ट देऊन विचारा, ते उत्तर खरं.

मॅप केलेल्या ड्राइव्हवर लाल फुली दिसली तर घाबरू नका. विंडोजचा सर्व्हर १५ मिनिटं कोणी काही मागितलं नाही की जोडणी सोडून देतो, हा त्याचा ठरलेला स्वभाव आहे. ड्राइव्ह उघडला की जोडणी परत होते. खरा त्रास होतो तो संगणक सुरू झाल्या झाल्या: वायफाय अजून लागलेलं नसतं, विंडोज ड्राइव्ह जोडायचा प्रयत्न करून सोडून देतं, आणि स्टार्टअपमध्ये टाकलेला आपला फॉर्म त्याच घाईत उघडून झेड शोधायला लागतो.

तिसरी: झेड ड्राइव्ह नेमका कोणाचा?

सगळ्यात जास्त वेळा मी इथेच पोचलोय, म्हणून जरा सविस्तर.

मॅप केलेला ड्राइव्ह हा संगणकाचा नसतो, लॉगिनचा असतो. दिवाणजींनी त्यांच्या लॉगिनमध्ये झेड जोडला की तो त्यांच्यापुरता. रात्री अकराला टास्क शेड्युलर तीच स्क्रिप्ट दुसऱ्या खात्याने चालवतो, तेव्हा त्या खात्याला झेड नावाचं काही ठाऊकच नसतं. स्क्रिप्ट खोटं बोलत नाही. तिच्यापुरता झेड खरंच नाही.

याहून फसवं प्रकरण "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर"चं. माणूस तोच, पासवर्ड तोच, तरी ड्राइव्ह गायब. कारण प्रशासक माणूस लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याच्या नावाने दोन वेगळी ओळखपत्रं बनवतं, एक साधं आणि एक अधिकाराचं. ड्राइव्ह साध्या ओळखपत्रावर जोडलेला असतो, म्हणून अधिकाराच्या ओळखपत्राने चालणाऱ्या प्रोग्रामला तो दिसत नाही. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून ही दोन्ही जोडता येतात, आणि हा उपाय शोधणाऱ्याला पटकन सापडतोही. मी तो करत नाही. एका फॉर्मसाठी अख्ख्या संगणकाची भिंत पातळ करायची नसते. आणि मुळात फॉर्मला प्रशासकाचे अधिकार लागतातच कशाला, हा प्रश्न आधी विचारा. बहुतेकदा कोणीतरी कधीतरी शॉर्टकटवर ती खूण करून ठेवलेली असते. ती काढली की काम झालं.

कायमचा उपाय म्हणजे स्क्रिप्टमध्ये ड्राइव्हचं अक्षर लिहूच नका. सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण पाथ लिहा. झेडच्या मागे खरा पाथ कोणता, ते कमांड प्रॉम्प्टवर "नेट यूज" टाकलं की दिसतं. शेड्युलरमधल्या कामाला मात्र असं खातं द्या ज्याला त्या शेअरवर खरोखर परवानगी आहे, कारण पाथ बरोबर असूनही मागणारा अनोळखी असेल तर दार उघडत नाही.

पायथनवाल्यांसाठी एक सावधगिरी. पाथ हाताळणाऱ्या पाथलिबचं "रिझॉल्व्ह" मॅप केलेल्या ड्राइव्हचं अक्षर उलगडून पूर्ण नेटवर्क पाथ हातात देतं. ते चुकीचं नाही, पण तुमच्या सेटिंगच्या फाइलीत जुना पाथ झेडने सुरू होत असेल आणि तुम्ही दोन्ही अक्षरशः ताडून बघत असाल, तर एकच फाइल दोन वेगळ्या फाइली ठरते. शाळेच्या ऑफिसात "अलीकडच्या फाइली" या यादीत प्रत्येक नाव दोनदा यायचं, ते याच्यामुळे. टीसीएलचं "फाइल नॉर्मलाइझ" असं अक्षर उलगडत नाही, हेही लक्षात असू द्या.

चौथी: कोडमधले बॅकस्लॅश

आता कोड उघडा. अवतरणचिन्हांत सरळ नेटवर्क पाथ लिहिलाय का? मग हे होतं.

टीसीएल दोन बॅकस्लॅशचा एक करतं. पुढे एकेरी बॅकस्लॅशनंतर ओळखीचं अक्षर नसेल तर बॅकस्लॅश मुकाट गिळून टाकतं. म्हणजे "\\सर्व्हर\शेअर" असा इंग्रजीत लिहिलेला पाथ हातात येताना "\सर्व्हरशेअर" होऊन येतो. आणि फोल्डरचं नाव इंग्रजी एनने सुरू होत असेल तर तिथे नवी ओळ, टीने सुरू होत असेल तर टॅब. म्हणूनच "न्यू" आणि "टेम्प" नावांच्या फोल्डरांवर हा बिघाड हमखास येतो. "अकाउंट्स"ही त्यातलंच: बॅकस्लॅशनंतर ए आला की टीसीएल त्याला घंटी समजतं.

पायथन थोडं वेगळं वागतं. अनोळखी अक्षरापुढचा बॅकस्लॅश तिथे टिकतो, त्यामुळे काही पाथ नशिबाने चालतात आणि माणसाचा गैरसमज पक्का होतो की आपलं लिहिणं बरोबर आहे. मग एक दिवस नवं फोल्डर एनने सुरू होतं. पायथनमध्ये अवतरणाच्या आधी आर लावून कच्ची स्ट्रिंग लिहिता येते. फक्त तिचा शेवट एकट्या बॅकस्लॅशने होऊ शकत नाही. टीसीएलमध्ये महिरपी कंसात लिहिलं की आतलं काही बदलत नाही.

मी मात्र दोन्हीकडे एकच नियम पाळतो: कोडच्या आत सगळीकडे पुढे झुकलेले साधे स्लॅश, सुरुवातीला दोन. "//सर्व्हर/हिशेब/पट्टी". टीसीएल, पायथन आणि टीकेचे डायलॉग हे तिघंही विंडोजवर हा पाथ समजतात. टीकेचा फाइल निवडायचा डायलॉग स्वतःही साध्या स्लॅशचाच पाथ परत देतो. तुकडे जोडायला "फाइल जॉइन" किंवा पायथनमधलं त्याचं भावंड वापरा; मध्ये हाताने रेघ चिकटवू नका.

आणखी एक जागा तपासा: जास्तीचे स्लॅश साफ करणारी ओळ. कोणीतरी नीटनेटकेपणासाठी "दोन स्लॅश दिसले की एक करा" असं लिहून ठेवतं. सुरुवातीच्या दोनांचा एक झाला की तो नेटवर्क पाथ उरत नाही, चालू ड्राइव्हच्या मुळाशी असलेलं फोल्डर होतं. टीसीएलमध्ये "फाइल पाथटाइप" विचारून बघा. "अ‍ॅब्सोल्यूट" आलं तर ठीक, "व्हॉल्यूमरिलेटिव्ह" आलं तर स्लॅश हरवला.

पाचवी: महिरपी कंस आणि बटणाला बांधलेली कमांड

टीकेच्या डायलॉगला "मल्टिपल" पर्याय दिला की तो पाथ देत नाही, पाथांची यादी देतो. एकच फाइल निवडली तरीही यादीच. पाथमध्ये मोकळी जागा असेल तर यादी त्याला महिरपी कंसात गुंडाळते. ती यादी तशीच "ओपन"ला दिली की कंसासकट नाव शोधलं जातं. नावात मोकळी जागा नसेल तोवर सगळं सुरळीत, म्हणून चाचणीत हा दोष सापडत नाही आणि गिऱ्हाइकाकडे सापडतो. यादीतून एकेक पाथ काढून घ्या. पायथनमध्ये ड्रॅग-ड्रॉपची जोड लावली असेल तर येणाऱ्या मजकुरावर "स्प्लिटलिस्ट" चालवा. हाताने कंस खरवडू नका.

दुसरा प्रकार याच कुळातला. बटणाची कमांड अवतरणात लिहिली आणि आत पाथचं व्हेरिएबल ठेवलं, तर बटण दाबल्यावर टीसीएल तो मजकूर पुन्हा वाचतं, आणि प्रत्येक वाचनात बॅकस्लॅशचा एक थर सोलला जातो. पहिल्या वाचनात टिकलेला पाथ दुसऱ्यात मोडतो. "आफ्टर" (थोड्या वेळाने चालणारी कमांड) आणि "बाइंड" (कळ किंवा क्लिकला बांधलेली कमांड) यांचंही तेच. "बाइंड"मध्ये तर पाथमधलं टक्क्याचं चिन्हही बदलून जातं. उपाय एका शब्दाचा आहे: अवतरणाऐवजी "लिस्ट" वापरून कमांड बांधा. माझ्या जुन्या कोडमधल्या अशा सगळ्या ओळी मी एका बैठकीत बदलल्या, आणि त्यानंतर छापखान्यातून या कारणासाठी फोन आलेला नाही.

सहावी: पाथ दुसऱ्या प्रोग्रामला देताना

आत साधे स्लॅश ठेवा म्हटलं, पण ते घराच्या उंबरठ्यापर्यंतच. विंडोजचे बरेच प्रोग्राम स्लॅशला पर्यायाची खूण समजतात. एक्स्प्लोररला साध्या स्लॅशचा नेटवर्क पाथ दिला की तो गोंधळून डॉक्युमेंट्स उघडतो. बाहेर देण्याच्या अगदी त्या क्षणी टीसीएलमध्ये "फाइल नेटिव्हनेम", पायथनमध्ये "नॉर्मपाथ" लावा. आधी लावू नका, नाहीतर ते बॅकस्लॅश पुन्हा कोडच्या आत फिरायला लागतात.

कमांड प्रॉम्प्टचं आणखी एक दुखणं आहे: नेटवर्क पाथला तो चालू फोल्डर मानायला तयारच होत नाही. "यूएनसी (म्हणजे नेटवर्कचा) पाथ चालत नाही, विंडोजच्या फोल्डरमध्ये जातो" अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापतो आणि खरोखर तिथे जाऊन काम सुरू करतो. स्क्रिप्ट आधी शेअरवर "सीडी" करून मग बॅच फाइल चालवत असेल, तर ती फाइल विंडोज फोल्डरमध्ये लिहू-पुसू पाहते. बॅच फाइलमध्ये डिलीटची ओळ असेल तर विचार करा काय होईल. बॅच फाइलच्या सुरुवातीला "पुशडी" आणि शेवटी "पॉपडी" लिहा. "पुशडी" झेडपासून मागे येत मोकळं अक्षर शोधून तात्पुरता ड्राइव्ह जोडतं, "पॉपडी" तो सोडतं. त्याहून बरं म्हणजे स्क्रिप्टने "सीडी" करूच नये, प्रत्येक वेळी पूर्ण पाथ द्यावा.

सातवी: रिकामी यादी

फाइलींची यादी आणणाऱ्या टीसीएलच्या "ग्लॉब"ला पाथ आणि नमुना एकत्र चिकटवून दिलाय का? मग पाथमधला बॅकस्लॅश, चौकोनी कंस किंवा महिरपी कंस हा नमुन्याचा भाग समजला जातो आणि काहीच जुळत नाही. फोल्डर "डिरेक्टरी" पर्यायात वेगळं द्या. एवढंच.

आठवी: नाव तेच, फाइल वेगळी

हा आपला, मराठी लिहिणाऱ्यांचा, खास बिघाड आहे आणि मला त्याचा उलगडा व्हायला फार दिवस लागले.

दिवाणजींच्या शेअरवर "शेतकऱ्यांची यादी" नावाची फाइल होती. एक्स्प्लोररमध्ये दिसत होती, फॉर्म म्हणत होता नाही. त्यातला "ऱ्य" बघा. युनिकोडमध्ये तो एकाहून जास्त प्रकारांनी लिहिता येतो. एक प्रकार: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरा: साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही अगदी सारखेच, पण संगणकापुढे वेगवेगळी अक्षरं. त्यात पुन्हा ऱ हा एकच अक्षर म्हणून किंवा र अधिक नुक्ता असा दोन तुकड्यांत असू शकतो. गाळ्यावरचा कीबोर्ड एका पद्धतीने टाइप करत होता, माडीवरचा दुसऱ्या. फाइल माडीवर जन्मली, नाव गाळ्यावर टाइप झालं.

एकच अक्षर आणि दोन तुकडे यांतला फरक पायथनच्या "युनिकोडडेटा"मधल्या एनएफसी रूपाने मिटतो. नुक्त्याचा ऱ आणि जोडकाचा र यांतला मिटत नाही, तिथे तुम्हालाच एक रूप दुसऱ्यात बदलून मग तुलना करावी लागते. मी आता असं करतो: नाव टाइप करून घेतच नाही. फोल्डरमधली खरी नावं वाचून यादीत दाखवतो, माणसाने त्यातलं निवडायचं. निवडलेलं नाव जसंच्या तसं परत वापरलं जातं, म्हणून चुकायला जागाच राहत नाही.

मराठी पाथ थेट स्क्रिप्टमध्ये लिहिला असेल तर आणखी एक कारण संभवतं. टीसीएल ८ विंडोजवर स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ (युनिकोड) न धरता संगणकाच्या कोडपेजने, म्हणजे जुन्या अक्षर-तक्त्याने, वाचतं आणि देवनागरीचा चिखल होतो. "विश" (टीकेची स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) चालवताना किंवा "सोर्स" करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं सांगा. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या टीसीएल ९ मध्ये यूटीएफ-८ हेच गृहीत आहे.

इथेच लांबीही मोजून घ्या. विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरांची, आणि अनेक प्रोग्राम अजून तीच पाळतात. झेड एखाद्या खोल फोल्डरवर जोडलेला असेल तर झेडचा पाथ आखूड असतो आणि पूर्ण नेटवर्क पाथ लांबलचक. त्यामुळे माझाच तिसऱ्या तपासणीतला सल्ला पाळल्यावर हा बिघाड नव्याने उगवू शकतो. उपाय साधा: वर्ष, महिना, गाव, शेतकरी, पीक अशी पाच पायऱ्यांची फोल्डरं कमी करा.

नववी: गोठणारी खिडकी, आणि पाच सेकंदांचं कोडं

टीकेची खिडकी आणि तुमचा कोड एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालतात, म्हणजे एका वेळी एकच काम. "फाइल आहे का?" असं बंद पडलेल्या सर्व्हरला विचारलं की विंडोज उत्तराची वाट बघत बसतं, आणि तोवर खिडकीला बटणंही रंगवता येत नाहीत. माणसाला वाटतं अडकलं. तो बंद करतो, पुन्हा उघडतो, पुन्हा अडकतो. हा प्रश्न वेगळ्या धाग्यावर विचारा आणि उत्तर आल्यावर खिडकीला कळवा. पायथनमध्ये "थ्रेडिंग" घ्या, उत्तर रांगेत ठेवा आणि "आफ्टर"ने ती रांग बघत राहा. त्या दुसऱ्या धाग्यातून टीकेच्या वस्तूंना थेट हात लावू नका. डायलॉगचं सुरुवातीचं फोल्डरही शेअरवरचं न देता आधी ही चौकशी करून मगच द्या.

कोडं असं: माडीवरच्या संगणकाने फाइल लिहिली, गाळ्यावरची स्क्रिप्ट म्हणते नाही, आणि थोड्या वेळाने आपोआप सापडते. विंडोज नेटवर्कवरची उत्तरं थोडा वेळ लक्षात ठेवतं: "फाइल नाही" हे उत्तर मुळातल्या सेटिंगप्रमाणे ५ सेकंद, फोल्डरची यादी १०. स्क्रिप्टने फाइल यायच्या क्षणभर आधी विचारलं असेल तर तेच शिळं उत्तर परत मिळतं. दोन-दोन सेकंदांच्या अंतराने सहा-सात वेळा विचारायची सोय ठेवा, लगेच रडू नका.

लिहिण्याची परवानगी आहे का, हे "फाइल रायटेबल" किंवा "ओएस अ‍ॅक्सेस"ला विचारून ठरवू नका. नेटवर्कवर त्यांचं उत्तर भरवशाचं नसतं. एक छोटी तात्पुरती फाइल लिहून बघा, जमलं की पुसा.

इथे थांबा

वरचं सगळं झालं, एक्स्प्लोररलाही दार उघडत नाही, तर पुढचं काम स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं नाही. नेटवर्क सांभाळणाऱ्याला बोलवा. खालच्या गोष्टी दिसल्या तर तासभरही थांबू नका.

"नेट यूज" ला त्रुटी १२१९ येते: एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडायचा प्रयत्न चाललाय. ५ किंवा १३२६ येते: परवानगी नाही किंवा पासवर्ड चुकीचा. इथे पुन्हापुन्हा प्रयत्न केले तर खातंच बंद पडू शकतं, आणि स्क्रिप्ट आपोआप पुन्हा प्रयत्न करत असेल तर आधी ती थांबवा. ७१ येते: समोरच्या संगणकाची जोडण्यांची मर्यादा संपली. लहान ऑफिसांत साध्या विंडोजच्या संगणकालाच सर्व्हर म्हणतात, आणि तो एका वेळी २० जोडण्यांवर थांबतो. बाजाराच्या दिवशीच बंद पडतं आणि एरवी चालतं, तर हे बघायला सांगा.

विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर नेटवर्कला जोडलेली जुनी साठवण-पेटी दिसेनाशी झाली असेल, तर कारण बहुधा हे: त्या आवृत्तीत सही केलेलं दळणवळण सक्तीचं झालं आणि प्रो आवृत्तीत पासवर्डशिवायचा पाहुणा-प्रवेश बंद झाला. याच्यावर "एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करा" असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच जुन्या दारातून पसरला होता. पेटीवर नीट खातं आणि पासवर्ड बनवून घ्या, किंवा पेटी बदला.

आणि शेअरवर एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइल ठेवून दोन-तीन संगणकांवरून लिहीत असाल, आणि "लॉक्ड" किंवा "मॅलफॉर्म्ड" असे शब्द दिसले, तर सगळ्या खिडक्या बंद करा, त्या फाइलीची प्रत काढा आणि मूळ फाइलीला हात लावू नका. नेटवर्कवर फाइलीची कुलपं भरवशाची नसतात. पाथ दुरुस्त करून हे सुटणार नाही. डेटाबेसचा जाणकार लागेल, आणि तो येईपर्यंत पट्ट्या वहीत लिहा.

जाणकार येण्याआधी एका कागदावर इतकं लिहून ठेवा: पहिल्या तपासणीतला दांड्यांमधला पाथ, त्रुटीचा आकडा, तो कोणत्या संगणकावर आणि कोणत्या लॉगिनमध्ये आला, एक्स्प्लोररने काय सांगितलं, आयपीने उघडलं की नाही, आणि शेवटचं नीट कधी चाललं. दिवाणजी आता हा कागद मी न सांगताच काढून ठेवतात.